धरणसाठ्याच्या तक्त्याखाली टेकडीची एक ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात तुमच्या अंकात रोज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचा पाणीसाठा छापून येतो. अंक हातात आला की मी आधी तोच बघतो, मग राशिभविष्य, मग बाकीचं जग. त्या तक्त्याखाली आणखी एक ओळ छापावी, एवढंच मागायला हे पत्र आहे. ओळ आपल्या पुण्याच्या वेताळ टेकडीच्या वाटांची. आज ओल्या आहेत, निथळल्या आहेत की कोरड्या, इतकंच. मागणी एका दमात सांगून झाली, पण ती का सुचली हे सांगायला जागा लागणार. फार लांबलं तर मधलं कापा, ओळ तेवढी छापा.

मी सायकल दुरुस्तीवाला. कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत माझं दुकान चाळीसहून जास्त वर्षं होतं. सुरुवात तासावर भाड्याने सायकली देण्यापासून, मग पंक्चर, चाकाचा आऊट काढणं, दिवाळीच्या सुट्टीत ओव्हरऑइलिंग. आता दुकान भाचा चालवतो आणि त्याने त्याचं रूपच पालटलं आहे. माझ्या वेळी जमिनीवर चाक धरणारे चिमटे आणि फ्रीव्हील पसरलेली असायची, आता भिंतीवर गिअरच्या सायकली टांगलेल्या असतात. त्यांच्या किमती मी विचारत नाही. एकदा विचारली होती, तर माझ्या लग्नाचा सगळा खर्च पुढच्या एका सस्पेन्शनमध्ये बसत होता. रोज सकाळी मी टेकडीवर जातो आणि दहाच्या सुमारास दुकानात जाऊन भाच्याच्या कामात चुका काढतो. दोन्ही व्यायामच.

आता मुद्द्याचं. सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी आमच्या टेकडीच्या टोळक्यातले एक स्नेही, बँकेतून निवृत्त, वय सत्तरीच्या आत-बाहेर, खाणीकडून खाली येताना पडले. घसरून नाही पडले. वाट कोरडी खडखडीत होती, लख्ख उजेड होता, पायात चांगले बूट होते. वाटेच्या मधोमध एक चर होता, वीतभर खोल आणि तळहाताएवढा रुंद. पाऊल त्यात अडकलं आणि शरीर पुढे गेलं. हात टेकायला गेले ते मनगटावर. प्लास्टर अजून निघालेलं नाही. आम्ही त्यांना उठवून बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांना धरून उतरवायची तयारी सुरू असताना सायकलवाल्यांना शिव्या घालायलाही सुरुवात झाली. त्यात मीही होतो. पुण्यात हे काम माणूस एकट्याने करत नाही.

शिव्या देता देता मी वाकून त्या चरात पाहिलं. चिखल असताना चाक गेलं होतं आणि नंतरच्या आठ-दहा दिवसांच्या उन्हात माती भाजल्यासारखी कडक झाली होती, त्यामुळे टायरची नक्षी साच्यातून काढावी तशी उमटलेली होती. मधे दोन-दोन चौकोनी ठोकळे, बाजूला तिरके दात, आणि दर तिसऱ्या दातानंतर एक आडवी फट. ती नक्षी मी ओळखली. गणपतीच्या आधी भाच्याच्या दुकानात त्या टायरच्या चार जोड्या आल्या होत्या. त्यातल्या दोन मी स्वतः चढवल्या, कारण ट्युबलेस टायर रिमवर बसवताना आमच्या पोराचा अजून घाम निघतो.

त्या दिवशी दहाची वाट न बघता मी दुकानात गेलो.

"मामा, एवढ्या लवकर?" भाचा म्हणाला.

"अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी टेकडीवर कोण गेलं होतं?"

"आमचाच ग्रुप. का?"

"आदल्या रात्री पाऊस किती झाला होता?"

"बराच होता. पण सकाळी उघडलं होतं की."

इथेच सगळी गोम आहे, संपादक महाराज. सकाळी उघडलं होतं. आभाळ उघडलं म्हणजे वाट वाळली, असं सायकल चालवणाऱ्यांनाही वाटतं आणि चालणाऱ्यांनाही. रविवारी पाऊस पडत असता तर पोरं गेलीच नसती. पाऊस थांबला म्हणून गेली, आणि वाटेला सगळ्यात जास्त जखम होते ती त्याच वेळी. भर पावसात वरून पाणी वाहत असतं, चाकाची खूण तासाभरात पुसली जाते. पाऊस थांबल्यावर माती मळलेल्या कणकेसारखी होते. तिच्यात जे दाबाल ते राहतं. पुढचा पाऊस आला की पाणी बरोबर त्या खुणेत शिरतं, तिचा पाट होतो, पाटाचा ओघळ होतो, आणि दोन पावसाळ्यांत जिथे पायवाट होती तिथे गुडघाभर घळ तयार होते. ऊन पडलं तर तीच खूण मातीच्या भांड्यासारखी पक्की होते आणि कुणाचं तरी मनगट मोडते.

दुकानात बसून बसून एक कळलं आहे. वाट पाहायची असेल तर टेकडीवर जायलाच हवं असं नाही, सायकल पाहिली तरी पुरतं. जुलैत सायकली येतात त्यांच्या चिमट्यात आणि चाकात काळी माती गच्च बसलेली असते, बोटाने निघत नाही, खराट्याची काडी लागते. ती सपाटीवरची माती. पावसाने फुगते, चिकटते, आणि वाळली की तिला भेगा पडतात. मार्च-एप्रिलमध्ये तीच सायकल येते ती पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी, चेनवर तांबूस भुकटी. तो उतारावरचा मुरूम. मुरमाचे बारीक सुटे खडे कोरड्या उतारावर पसरले की ते बिनाग्रीसच्या छऱ्र्यांसारखे वागतात. पाय ठेवा, चाक ठेवा, दोन्ही पुढे पळतात. उन्हाळ्यात टेकडीवर पडणारे बहुतेक जण या छऱ्र्यांवरून पडतात. पावसाळ्यात पडतात ते शेवाळलेल्या कातळावरून. आणि ऑक्टोबरात, आमच्या स्नेह्यांसारखे, आपणच खोदून ठेवलेल्या चरांत.

टेकडी म्हटलं की लोकांना वाटतं एकच वाट. तसं नाही. शहराची सपाटी समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि वेताळाचं देऊळ ८०० मीटरच्या आसपास. म्हणजे चढ दोन-अडीचशे मीटरचा. पण तेवढ्यात जमीन चार वेळा बदलते. लॉ कॉलेजच्या बाजूने चढलात तर आधी दगडगोटे, मग मुरूम. पाऊस थांबल्यावर हा भाग सगळ्यात आधी निथळतो, एखाद्या दिवसात चालायजोगा होतो. माथ्यावर मोठे उघडे कातळ आहेत, तिथे चाकाने काही बिघडत नाही. मात्र श्रावणात तिथे शेवाळाचा जो हिरवा थर येतो त्यावर मी भल्याभल्यांना बसलेलं पाहिलं आहे. पाषाणच्या अंगाला वारा भरपूर, त्यामुळे ती सोंड लवकर सुकते. सगळ्यात उशिरा सुकतो तो गिरिपुष्पाखालचा भाग. गिरिपुष्प म्हणजे ग्लिरिसिडिया, मध्य अमेरिकेतून आलेलं झाड. आपल्याकडे टेकड्या झटपट हिरव्या करायच्या म्हणून ते लावलं गेलं. हिरव्या झाल्याही. पण त्याच्या दाट सावलीत ऊन जमिनीला लागत नाही, खाली गवतही धड उगवत नाही, आणि गवताचं मूळ नसलं की माती धरून ठेवणारं कुणी उरत नाही. तिथला चिखल चार दिवस तसाच असतो. खाणीजवळच्या सखल पट्ट्याचंही तेच. पावसाळ्यात जुनी खाण पाण्याने भरते, लोक फोटो काढायला जमतात, आणि भोवतालची माती लोणी होते.

म्हणून "टेकडी ओली आहे का?" या प्रश्नाला एक उत्तर नसतं. कुठून, असं आधी विचारावं लागतं. माझ्या ओळीत म्हणूनच तीन जागा असतील: लॉ कॉलेजची चढण, खाण, आणि पाषाणची सोंड.

आता चालणाऱ्यांबद्दल. सायकलवाल्यांना मी झोडपलं म्हणून आमचं टोळकं खूश असेल तर त्यांनी पुढे वाचावं.

खाणीकडे जाणारी एक वाट आहे, मे महिन्यात ती जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील इतकी होती. गणपतीनंतर मी इंचपट्टी घेऊन गेलो. अकरा फूट. सायकलने वाट रुंद होत नाही, सायकल एका रेषेत जाते. रुंद केली आपण. मधे चिखल दिसला की आपण डावीकडून जातो, तिथे चिखल झाला की आणखी डावीकडून, मग उजवीकडून. स्पोर्ट्स शूज पांढरे राहावेत म्हणून आपण दर पावसाळ्यात गवताचा एक-एक हात पट्टा मारतो. उन्हाळ्यात याच कडेच्या उघड्या मुरमावर माळटिटवी अंडी घालते. घरटं असं नसतंच, दोन-चार खडे भोवती रचलेले, आणि अंडीही खड्यांच्याच रंगाची. वाट सोडून दोन पावलं बाजूला टाकणाऱ्याला ती दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडते तेव्हा लोक म्हणतात, अपशकुन. तिच्या बाजूने विचार केला तर अपशकुन कोण ते कळतं. शिवाय त्या दगडगोट्यांत फुरसं असतं. हातभरसुद्धा नसतं, रंगाने मातीसारखं, आणि विषारी. मळलेली वाट सोडू नये याला एवढं कारण खरं तर पुरे व्हावं.

दुसरी आपली सवय म्हणजे तोडीची वाट. वाट वळण घेत उतरते ती उगाच नाही. ज्याने ती पहिल्यांदा मळवली, मग तो गुराखी असो की मोळीवाली, त्याला उतार कळत होता. आपण वळणाचा कंटाळा करून सरळ खाली तोडतो. सरळ उतरणारी प्रत्येक वाट म्हणजे पाण्यासाठी घसरगुंडी. सिंहगडावर आतकरवाडीकडून जाणाऱ्यांनी हे रोज बघितलं आहे: मूळ वाटेच्या शेजारी दोन-तीन तोडीच्या वाटा, आणि सगळ्यांतली माती जाऊन उरलेले उघडे दगड. तिथे तर सायकली नाहीत. मग ते कुणी केलं?

तिसरी गोष्ट कानातल्या भोंग्याची. मागून सायकलवाला "काका, डावीकडून" असं ओरडत येतो आणि काकांच्या कानात कीर्तन चालू असतं. सायकलवाल्याने उतरताना चढणाऱ्याला थांबून वाट द्यायची, हा साधा नियम मी भाच्याच्या पोरांना पाठ करायला लावला आहे. पण समोरच्याला ऐकू आलं पाहिजे ना. या नव्या सायकलींना घंटी नसते, ही मला त्यांच्यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते. लाखाची सायकल आणि आवाजाला नरडं. मी सध्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक डोंगरी सायकलला जुन्या पद्धतीची पितळी घंटी फुकट लावून देतो. अर्धे जण लाजून काढून टाकतात. अर्धे ठेवतात.

सायकलवाल्यांसाठी आणखी एक सांगतो, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे. उतारावर घाबरून फक्त मागचा ब्रेक करकचून दाबला की मागचं चाक फिरायचं थांबतं आणि फरफटत जातं. पोरांना त्याची मजा वाटते, धूळ उडते, व्हिडिओ चांगला येतो. पण फरफटणारं चाक म्हणजे नांगराचा फाळ. फिरणारं चाक वाटेवरून जातं, थांबलेलं चाक वाटेतून जातं. थांबवण्याचं खरं काम पुढचा ब्रेक करतो. दोन्ही हलक्या हाताने, वळणाच्या आधी, अंग मागे घेऊन. टायरमधली हवा थोडी कमी ठेवली तर टायर जमीन धरतो आणि घसरत नाही, हे तर सगळ्यांना माहीत आहे, तरी पेट्रोल पंपावर टुम्म फुगवून टेकडीवर येणारे असतातच.

मला या डोंगरी सायकलीचं आधी हसू यायचं. डोंगरावर सायकल उचलून न्यायची आणि बसून खाली यायचं, याला काय खेळ म्हणायचं? मग भाच्याने एकदा तिच्या जन्माची गोष्ट सांगितली आणि माझं मत बदललं. कॅलिफोर्नियात माउंट टॅमल्पाइस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली काही पोरं जुन्या, जाड टायरच्या, पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागणाऱ्या सायकली घेऊन तो डोंगर उतरायची. १९७६ पासून त्यांच्या एका उतारावर शर्यती सुरू झाल्या. उतार इतका तीव्र की खाली पोचेपर्यंत मागच्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा, ब्रेक तापून आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि दर फेरीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच पडलं 'रीपॅक'. संपादक महाराज, मी आयुष्यभर हब उघडून, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून बंद केले आहेत. माझ्या कामाच्या नावाचा डोंगराचा उतार या जगात आहे, हे ऐकून मला काय वाटलं असेल ते तुम्हाला कळणार नाही. पुढे त्या पोरांपैकी गॅरी फिशर, जो ब्रीझ हे मोठे सायकल बनवणारे झाले, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. गंमत अशी की त्याच डोंगरावर चालणारे आणि सायकलवाले यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. म्हणजे आपण काही मागे नाही.

भांडण मिटवण्याचे मार्ग लोकांनी शोधले आहेत. दुकानाचा एक जुना गिऱ्हाईक नोकरीनिमित्त कोलोरॅडोत बोल्डरला होता. त्याने सांगितलं, तिथे डोंगराच्या पायथ्याशी बेटासो नावाची राखीव जागा आहे, तिच्यात बुधवारी आणि शनिवारी सायकल आणायची नाही. ते दोन दिवस चालणाऱ्यांचे, बाकीचे सगळ्यांचे. आणि बर्फ वितळून किंवा पाऊस पडून चिखल झाला की त्या भागातल्या वाटा काही दिवस सरळ बंद ठेवतात, तसं जाहीर करतात, आणि लोक दुसरीकडे जातात. मी त्याला विचारलं, लोक ऐकतात? तो म्हणाला, बहुतेक ऐकतात, कारण घरातून निघण्याआधीच कळतं. गाडीवर सायकल बांधून वीस मैल आल्यावर पाटी दिसली तर तिथलाही माणूस ऐकणार नाही.

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आपल्याकडे अडचण नेमकी तीच आहे. रविवारी पहाटे साडेपाचला उठून, सायकल काढून, चौघांना फोन करून टेकडीच्या पायथ्याशी आलेला पोरगा चिखल बघून परत जाईल, ही अपेक्षा करू नये. मी त्याच्या वयात गेलो नसतो. त्याला शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी चहासोबत कळलं पाहिजे. चहासोबत पुणेकर काय बघतो? तुमचा अंक, आणि त्यातला धरणांचा तक्ता.

बंदी घालावी की नाही, कुठल्या वाटा कुणाच्या, हा या पत्राचा विषय नाही. टेकडीचा काही भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा. त्यांचं ते बघतील. टेकडीतून नेण्याचं घाटत असलेल्या बालभारती–पौड रस्त्याच्या आणि बोगद्यांच्या विरोधात २०२३ च्या एप्रिलमध्ये मोर्चा निघाला तेव्हा मी गुडघ्याला पट्टा बांधून त्यात चाललो. सायकलवाली पोरंही होती, आमच्या पुढे. टेकडी सगळ्यांना हवी आहे यात शंका नाही. मोर्चात शेजारी चाललेली माणसं टेकडीवर समोरासमोर आली की एकमेकांना ओळखत नाहीत, एवढंच.

मी आधी माझ्या परीने पाटी लावून पाहिली. टेकडीवर नाही, भाच्याच्या दुकानात: "वाट ओली असताना जाऊ नये. गेल्यास सायकल धुऊन मिळणार नाही." भाच्याने दोन दिवस ठेवली, मग म्हणाला, मामा, गिऱ्हाईक तुटतं. त्याचंही बरोबर आहे. चिखलातून आलेल्या सायकलीची चेन, ब्रेकचे पॅड, बेअरिंग सगळं लवकर झिजतं. चिखल आणि ग्रीस मिळून जी पेस्ट होते ती धातू पॉलिश करायच्या मसाल्यासारखी काम करते. दुकानाचा फायदाच आहे. भाच्याला हे बोलून दाखवलं तेव्हा तो हसला, पण पाटी परत लावली नाही. मात्र सर्वपित्रीच्या दिवशी मी त्याला घेऊन त्या चरापाशी गेलो, टायर सोबत नेला आणि नक्षीवर नक्षी ठेवून दाखवली. अगदी बरोबर बसली. पोरगा काही बोलला नाही. संध्याकाळी आमच्या स्नेह्यांच्या घरी जाऊन आला, सोबत फळं घेऊन. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही. त्याच आठवड्यात त्याने ग्रुपवर टाकलं की पाऊस थांबल्यावर दोन दिवस टेकडी नाही, रस्त्यावर चालवू. चार जणांनी अंगठा दाखवला. एकाने विचारलं, दोनच का, तीन का नाही? आणि त्याला उत्तर देता येईना, कारण मोजणार कोण?

तर मोजणार आम्ही. आमचं टोळकं पाच जणांचं आहे (सध्या साडेचार, मनगटवाले खालूनच सूचना देतात). आमच्यापैकी दोघे संध्याकाळी टेकडीवर असतात. साडेपाचला तीन जागी नोंद घेऊन सहा-साडेसहाला तुमच्या कार्यालयात फोन करू. यंत्र लागत नाही. वाटेवरची, कडेची नव्हे, मूठभर माती घ्यायची आणि लाडू वळायचा. लाडू वळला आणि टिकला, तर वाट ओली: चाक नको, आणि चालणाऱ्यांनीही शक्य तर कातळाची वाट धरावी. लाडू वळला पण बोटाने दाबल्यावर फुटला, तर निथळलेली: चाला, सायकलने थांबा. वळलाच नाही तर कोरडी. ही पद्धत आमच्या घरातून आली आहे. बेसन कमी भाजलं गेलं तर काय होतं यावर सौभाग्यवतींचा जितका अभ्यास आहे तितका माझा मातीवर नाही.

उन्हाळ्यात ओळीत "कोरडी" रोज येईल आणि तुम्हाला जागा वाया गेल्यासारखी वाटेल. तेव्हा तिच्या जागी गवताची नोंद घेता येईल. फेब्रुवारीनंतर कुसळी गवत इतकं वाळतं की एका विडीच्या थोटकावर उतार जळतो, आणि वणवा गेला की पुढच्या पावसात राख आणि माती दोन्ही खाली येतात. पण ते पुढचं पुढे. आधी ही एक ओळ.

जागेचा हिशेबही मी काढला आहे. धरणांच्या तक्त्याखाली "संकलन" असा शब्द असतो त्याच्या वर एका ओळीची जागा मोकळी असते. टाइप बारीक घेतलात तर बसेल. आमच्या वयाच्या वाचकांना दिसणार नाही, पण आम्हाला काय, आम्ही स्वतःच वळून आलेलो असू.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सायकल दुरुस्तीवाला,
कोथरूड, पुणे

ता. क. : नमुना म्हणून कालची नोंद देतो. परवा रात्री परतीच्या पावसाची एक मोठी सर आली होती. लॉ कॉलेजची चढण: निथळलेली. खाण: ओली, लाडू टिकला, हाताला चिकटून राहिला. पाषाणची सोंड: कोरडी, वारा जोरात. खाणीच्या वाटेवर चाकाची ताजी खूण एक, नक्षी वेगळी, आमच्या दुकानातली नाही.